रोशा : एका गवताच्या हरवलेल्या नावाची गोष्ट

मंडळी, कुवेतमध्ये ‘तेल’ म्हटले की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर बुरगान येते, अहमदीच्या टाक्या येतात आणि त्यामागोमाग महिन्याच्या पगाराची तारीख येते. मी ज्या तेलाबद्दल लिहिणार आहे ते दहा मिलिलिटरच्या तपकिरी बाटलीत मावते. तुमच्या घरात ते बाटलीत नसले तरी साबणात, शाम्पूत किंवा क्रीममध्ये त्याचा एक अंश बहुतेक असतोच. त्याचे मूळ गाव मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे, आणि ते गाव महाराष्ट्रात आहे.

दोन वर्षांपूर्वीची नरकचतुर्दशी. रुमैथियातले आमचे घर म्हणजे एका व्हिलाचा वरचा मजला. खाली घरमालकांचे मोठे कुटुंब राहते. इथे त्या दिवशी शाळेला सुट्टी नसते की ऑफिसला, तेव्हा अभ्यंगस्नान म्हणजे घाईचा मामला. पहाटे साडेचारला बाथरूमच्या दाराशी पाट, वाटीत कोमट तीळतेल, दुसऱ्या वाटीत उटणे आणि मोबाइलवर सनई. आमची मुलगी इथेच जन्मलेली, आता कॉलेजात जाते. तिने त्या वर्षी आपल्या पैशांनी आणलेली एक छोटी बाटली पुढे केली. “आजी, हे बघ, अरोमाथेरपीचं तेल. तिळाच्या तेलात घालूया.” बाटलीवर लिहिले होते ‘पामारोसा’.

माझ्या सासूबाई त्या वेळी शहाद्याहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी झाकण उघडून बाटली नाकाशी नेली आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, हा तर रोशा! माझे वडील गुडघ्याला लावायचे हे. थंडी पडली की अख्खं घर याच वासाचं व्हायचं.”

मुलीला ते काही पटले नाही. बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत ‘उगम : भारत’ एवढेच होते. रोशा नव्हते, खानदेश नव्हता. नात बाटलीवरचे वाचत होती, आजी वासावरून सांगत होती, आणि मी मध्ये उभी. त्या दिवसापासून मी या तेलामागे लागले. जे सापडले ते तुमच्यापुढे मांडते आहे. आपल्या पुढच्या पिढीने ते वाचावे, ही मनापासूनची इच्छा आहे.

गवत आणि त्याचे दोन भाऊ

रोशा हे गवत आहे, चहात घालतो त्या गवती चहाच्याच कुळातले. सातपुड्याच्या पायथ्याशी, धुळे-नंदुरबारच्या डोंगरउतारांवर, मेळघाटात, पुढे मध्य प्रदेशातल्या निमाड-बैतूलकडे ते आपोआप उगवते. पावसाळ्यात पुरुषभर वाढते आणि दिवाळीच्या सुमारास फुलावर येते. संस्कृत वैद्यकग्रंथांत ज्याला ‘रोहिष’ म्हटले आहे ते हेच, असे मानतात. ‘रोशा’ हा त्याच शब्दाचा घासून गुळगुळीत झालेला अवतार.

याचे दोन प्रकार आहेत. एकाला ‘मोतिया’ म्हणतात, दुसऱ्याला ‘सोफिया’. शेजारी शेजारी उभे केले तर नवख्या माणसाला फरक कळणार नाही, पण वास घेतला की लगेच कळतो. मोतियाच्या तेलाला गुलाबाची आठवण करून देणारा गोडसर वास असतो. सोफियाच्या तेलाला आल्यासारखा तिखट. आज बाजारात जे पामारोसा म्हणून विकले जाते ते मोतियाचे. सोफियाच्या तेलाला ‘जिंजरग्रास’ म्हणतात आणि त्याला भाव कमी.

शास्त्रीय नावात मात्र रोशाही नाही आणि मोतियाही नाही. वनस्पतिशास्त्रात हे गवत ‘सिंबोपोगॉन मार्टिनाय’ आहे. हे ‘मार्टिन’ म्हणजे लखनौचे जनरल क्लॉड मार्टिन, ज्यांच्या पैशांतून ला मार्टिनियर शाळा उभ्या राहिल्या. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धाच्या काळात त्यांनी दक्षिणेतल्या बालाघाटच्या उंच प्रदेशातून याचे बी जमवले. गुरे हे गवत आवडीने खातात आणि मग त्यांच्या दुधालाही त्याचा वास येतो, हे त्यांना जाणवले होते. कोलकात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी गवताची नोंद करताना त्याला मार्टिनसाहेबांचे नाव दिले. ज्या गुराख्यांनी ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या पाहिली होती त्यांचे नाव कुठे यावे, असा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नसावा.

ओढ्याकाठची भट्टी

आता जरा खानदेशात जाऊ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेश खंड १८८० साली निघाला. त्यात आणि त्यानंतरच्या औषधी वनस्पतींवरच्या इंग्रजी ग्रंथांत रोशा तेलाचे जे वर्णन येते ते वाचताना भट्टीचा धूर डोळ्यांत जातो.

या धंद्याचे मूळ ठिकाण पिंपळनेर. तेलाला बाहेर मागणी आली तसा तो नंदुरबार, शहादा, तळोदा या भागांत पसरला. पावसाळा सरत आला की भिल्ल लोक डोंगरातून गवत कापून आणत. ते विकत घेऊन तेल काढणारे बहुतेक मुसलमान होते. भट्टी लागे ओढ्याच्या काठाला, कारण आगीइतकेच महत्त्व वाहत्या थंड पाण्याला. आधी जमिनीत खड्डा खणून चूल करायची. तिच्यावर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा. त्यात पाणी आणि तोंडापर्यंत दाबून भरलेले, तुकडे केलेले गवत. वर धातूचे झाकण, आणि वाफ निसटू नये म्हणून त्याच्या कडा गव्हाच्या कणकेने लिंपलेल्या. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे. तिला कापड गुंडाळून वर उडदाच्या पिठाचा लेप देत आणि दोरीने आवळत. नळीचे दुसरे टोक दुसऱ्या बंद हंड्यात, जो गळ्यापर्यंत वाहत्या पाण्यात बुडवलेला असे.

चूल पेटली की गवतातला सुगंध वाफेवर स्वार होऊन नळीतून पलीकडे जाई, थंड हंड्यात वाफेचे पाणी होई आणि पाण्यावर तेलाचा तवंग येई. तो अलगद काढून घ्यायचा आणि उरलेले पाणी पुढच्या घाण्याला वापरायचे. तुमच्या स्वयंपाकघरातली कणीक आणि उडदाचे पीठ हीच या यंत्राची ‘सील’ होती, हे मुलांना मुद्दाम सांगा. ऊर्ध्वपातन हा धडा त्यांनी शाळेत काचेच्या नळ्यांनी शिकलेला असतो.

१८८० च्या सुमारास या भागात अशा जवळजवळ दोनशे भट्ट्या होत्या. गवताचा एवढा ढीग जाळीत घालून तेल हाती लागे ते किती? शंभर किलो गवताला अर्धा किलोच्या आत-बाहेर. गवत कापणाऱ्याला, मोळी वाहणाऱ्याला, रात्र रात्र भट्टीपाशी जागणाऱ्याला काय मिळत असेल याचा अंदाज त्यावरून करावा.

बुधल्यांतून इस्तंबूलपर्यंत

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरत. काही बुधले बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला उतरत. काही धुळे-मनमाडवरून मुंबईला येत. धुळ्याहून सुरतेला गाडीने जाताना तुम्ही आजही हाच घाट उतरता.

मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातल्या बंदरांना जाई आणि तिथून अरब व्यापाऱ्यांच्या हातून इस्तंबूलला. तुर्कस्तानात त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत. तिथे त्याच्यावर एक संस्कार होई. लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात ते घुसळायचे आणि उथळ ताटल्यांत घालून काही आठवडे उन्हात ठेवायचे. रंग फिका होई, उग्रपणा उतरे आणि वास गुलाबाच्या आणखी जवळ जाई. मग त्याचा प्रवास बल्गेरियातल्या काझानलुककडे, गुलाबाच्या खोऱ्याकडे. तो सारा मुलूख तेव्हा तुर्की साम्राज्यात होता.

काझानलुकचे गुलाबाचे अत्तर जगात नावाजलेले. पण एक किलो अत्तराला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. इतक्या महाग वस्तूत भेसळीचा मोह होणारच. आपले रोशाचे तेल त्या अत्तरात मिसळले जाई. कधी तर ते ऊर्ध्वपातनाच्या आधीच पाकळ्यांवर शिंपडत, म्हणजे मिसळल्याचा पत्ताही लागू नये. युरोपातल्या श्रीमंत घरांत ‘तुर्की गुलाब’ म्हणून जे हातरुमालाला लागत होते, त्यात सातपुड्याच्या उतारावरचे गवत होते.

ही भेसळ होती, तिला दुसरे काही म्हणता येणार नाही. पण ती निभावून जात होती याचे कारण आपले गवत खरोखरच त्या तोलाचे होते.

चुकीच्या नावाचे बारसे

आता या गोष्टीतला सर्वांत गमतीचा, आणि मला विचाराल तर सर्वांत लागणारा भाग. इस्तंबूलमार्गे येणारे हे तेल युरोपच्या बाजारात ‘टर्किश जिरेनियम’ किंवा ‘इंडियन जिरेनियम’ या नावाने ओळखले जाऊ लागले. जिरेनियम हे कुंडीत लावतात ते फुलझाड. रोशाचा त्याच्याशी नात्याचा काही संबंध नाही. वास थोडा मिळताजुळता, एवढेच.

१८७१ साली ओस्कार याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या ‘इंडियन जिरेनियम’ तेलातून त्याच्या वासाचा मुख्य घटक वेगळा काढला. तेलाच्या नावावरून त्याने त्या घटकाला नाव दिले ‘जिरेनिऑल’. मोतिया रोशाच्या तेलात साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग याच द्रव्याचा असतो. गुलाबातही ते आहे आणि खऱ्या जिरेनियमातही आहे. पण जगाने ते पहिल्यांदा शुद्ध रूपात पाहिले ते आपल्या गवतातून, आणि बारसे मात्र झाले भलत्याच झाडाच्या नावाने.

आता उठा आणि बाथरूममधल्या साबणाचे किंवा क्रीमचे खोके बघा. बारीक अक्षरांतल्या यादीत शेवटी शेवटी ‘जिरेनिऑल’ हा शब्द बहुधा सापडेल. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे, ज्या सुगंधी द्रव्यांची काहींना ॲलर्जी येते त्यांची नावे ठरावीक प्रमाणापलीकडे वेष्टनावर छापावीच लागतात. त्यांत हे आहे. आज ते बहुतेक कारखान्यात तयार झालेले असते. आधी जावातल्या सिट्रोनेला गवताने आणि नंतर कारखान्यांनी रोशाची बाजारपेठ खाल्ली. ओढ्याकाठच्या बहुतेक भट्ट्या थंडावल्या. लखनौच्या ‘सीमॅप’ या सरकारी संस्थेने पुढे पामारोसाच्या ‘तृष्णा’, ‘तृप्ता’ अशा सुधारित जाती काढल्या आणि आता काही शेतकरी हे गवत लागवड करून घेतात. डोंगरातला रोशा शेतात आला, पण बाटलीवर नाव पामारोसाच राहिले.

मुलीला हे सगळे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे आई, माझ्यासारखंच. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी माझं नाव चुकीचं लिहिलं आणि बारावीपर्यंत तेच चाललं.” आपल्यापैकी किती घरांत ही गोष्ट घडली असेल! ‘ळ’ चा ‘ल’ झाला, आडनावाचे दोन तुकडे झाले, वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसले. सिव्हिल आयडीवर एकदा छापले की आपणही मग भांडत नाही.

‘अरोमाथेरपी’ हा शब्द किती जुना?

हा शब्द जेमतेम नव्वद वर्षांचा आहे. रेने-मोरिस गातफोसे हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ सुगंधी द्रव्यांच्या धंद्यातले. १९१० साली प्रयोगशाळेतल्या स्फोटात ते भाजले आणि जखमा चिघळल्यावर त्यांनी लव्हेंडरच्या तेलाचा उपयोग केला. पुढे १९३७ साली त्यांनी ‘अरोमाथेरपी’ याच नावाचे पुस्तक लिहिले. पन्नाशी-साठीच्या दशकांनंतर हा शब्द मसाज, स्पा आणि आता डिफ्यूझरपर्यंत येऊन पोहोचला.

विद्या मात्र फार जुनी आहे, आणि तिचे दोन मोठे प्रवाह आपल्या दोन्ही घरांतून वाहतात, मायदेशातून आणि या अरबी मुलखातून. नवव्या शतकात अल-किंदी या विद्वानाने सुगंधाच्या रसायनावर आणि ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला. त्यात शंभराहून जास्त कृती आहेत. आपला ‘अत्तर’ हा शब्द अरबी ‘इत्र’चाच भाऊ.

इकडे वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ती’वर, म्हणजे सुगंध जुळवण्याच्या कलेवर, एक अख्खा अध्याय आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त स्नान, उटी, धूप यांचे राजेशाही थाट सांगितले आहेत. आणि आपल्याला खास अभिमान वाटावा अशी गोष्ट पुण्यातली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४० च्या दशकात एका हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यात गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्यासोबत ‘गंधवाद’ हा ग्रंथ होता, आणि ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका होती! म्हणजे काही शतकांपूर्वी कोणी तरी मराठी माणूस सुगंध कसा भावित करावा, कसा शिजवावा, धूप कसा द्यावा हे मराठीत समजावून सांगत होता. हा विषय आपल्या भाषेला नवा नाही, ही खूणगाठ मनाशी बांधून ठेवावी.

उटण्यातला परदेशी पाहुणा

सुगंधाचा व्यापार एकतर्फी कधीच नव्हता. रोशा इकडून तिकडे गेला तसा तिकडचा एक जिन्नस आपल्या दिवाळीत येऊन बसला आहे.

उटण्यात काय काय घालतात, आठवा. नागरमोथा, वाळा, चंदन, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या, संत्र्याची साल आणि ‘गव्हला कचोरा’. ही जोडी आपण एका दमात म्हणतो, जणू तो एकच पदार्थ. कचोरा हा हळदीच्या कुळातला कंद. मग गव्हला म्हणजे काय? मुंबईच्या काष्ठौषधींच्या बाजारात ‘गव्हला’ म्हणून जो विकला जाई तो एका रानटी चेरीच्या बीचा गर, आणि तो इराण-अरबस्तानाकडून आखाती व्यापारातून येई. त्याचे इकडचे नाव ‘महलब’.

सूक मुबारकियात मसाल्याच्या दुकानात जाऊन महलब मागा. गव्हाच्या दाण्याएवढे, पिवळसर बदामी दाणे मिळतील. चावलात तर आधी कडू बदाम, मग थोडा गोडवा. अरबी घरांत तो ईदच्या बिस्किटांत घालतात. आखातातल्या जुन्या बायका केसांना लावायच्या सुगंधी लेपांतही वापरत. मागच्या वर्षी मी मुबारकियातून महलब आणून घरच्या उटण्यात घातला. घरमालकांच्या आजींना वाटीभर उटणे नेऊन दिले, तर त्यांनी बोटावर घेऊन हुंगले आणि लगेच म्हणाल्या, “महलब!” एकाच गोष्टीची दोन नावे एका व्हिलाच्या दोन मजल्यांवर नांदत होती.

या शेजाराला मोठी परंपरा आहे. तेल सापडण्याच्या कितीतरी आधी खजुराचा हंगाम आटोपला की कुवेतची ‘बूम’ जहाजे शत्त-अल-अरबचा खजूर भरून हिंदुस्थानकडे निघत आणि परतताना सागवान, तांदूळ, कापड, मसाले आणत. मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत होता आणि कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्याही तिथे होत्या. आसाम-सिल्हेटच्या जंगलातला ऊद मुंबईच्या अत्तरवाल्यांच्या हातून आखातात पोहोचे. इथे व्यवहारात रुपया चाले. १९५९ साली खास आखाती रुपया आला आणि १ एप्रिल १९६१ पासून दिनार. आजही इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलीत पंख्याला ‘बंका’ आणि पैशांना ‘बेझात’ म्हणतात. हे शब्द कुठून आले हे तुम्हाला सांगायला नको.

घरी वापरताना

इतिहास सांगितला म्हणून हातात बाटली घेऊन लगेच सुरू होऊ नका. त्या नरकचतुर्दशीला आमच्याकडे काय झाले ते ऐका. तीळतेलात घालायचे सोडून मुलीने तेच तेल थेट दंडाला चोळले, ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ म्हणून. संध्याकाळपर्यंत दंडावर लाल चट्टे. चूक आमचीच, बाटलीवरची सूचना कोणी वाचली नव्हती. आणि आजोबा गुडघ्याला लावायचे ते काय? सासूबाईंना विचारले तर म्हणाल्या, “ते गोडेतेलात चार थेंब टाकायचे. नुसतं कोण लावतं?” ही एक ओळ पिढ्यांच्या मधे गळून पडली होती.

आपले अभ्यंगाचे तेल आणि हा अर्क यांत हाच मुख्य फरक आहे. जुने फुलेल करताना तीळ फुलांच्या थरांत ठेवून वासवत आणि मग घाण्यातून काढत. त्यात सुगंध अगदी पातळ असे. ऊर्ध्वपातित तेल म्हणजे मोळीभर गवत थेंबांत कोंडलेले. म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. एक चहाचा चमचा तीळ किंवा खोबरेल तेलाला एक-दोन थेंब पुरेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. पोटात घेऊ नये. डोळे, नाक यांपासून दूर ठेवावे.

लहान मुलांबाबत तर फार जपावे. सर्दी झाली की बाळाच्या छातीला कापूर किंवा निलगिरीचे तेल चोळायची आपल्याकडे सवय आहे. पण हे दोन्ही पोटात गेले तर लहान मुलांना फिट येऊ शकते, आणि तान्ह्या मुलांच्या नाकापाशी यांचा उग्र वासही नको. बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात, पणत्यांपासूनही लांब, कारण ही तेले पेट घेतात. गरोदर बायकांनी, दम्याच्या लोकांनी डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

इथल्या घरांचा आणखी एक प्रश्न आहे. एसीसाठी खिडक्या महिनोन् महिने बंद असतात. अशा बंद खोलीत रात्रभर डिफ्यूझर चालवू नये. अर्धा तास पुरतो. बुखूर जाळताना तर कोळसा असतो आणि कोळशाच्या धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असतो, तेव्हा एखादी खिडकी उघडी हवीच. आणि सुगंधाने मन प्रसन्न होते, झोपायला बरे वाटते, एवढे खरे. त्याने साखर उतरते किंवा दमा जातो असे कोणी सांगितले तर त्याच्या मागे जाऊन आपली औषधे बंद करू नका.

निरोपाचा सुगंध

आमच्या इमारतीत गुरुवारी संध्याकाळी जिन्यात बुखूरचा वास भरतो. खाली पाहुणे असतात. कॉफी होते, गप्पा होतात, मग मबखरा फिरतो. प्रत्येक जण धूर घुत्र्यात, बाह्यांत, केसांत घेतो आणि उठायला लागतो. आखातात म्हणच आहे, ‘मा बअद अल-ऊद कुऊद’, म्हणजे ऊद फिरला की बसणे संपले.

आपल्याकडे काय होते? हळदीकुंकवाला गुलाबदाणी फिरते, मनगटाच्या मागे अत्तराचे बोट लागते, तेव्हा बायका ओटी सावरून उठतात. जुन्या बैठकीत, दरबारात अत्तर-गुलाब आणि पानविडे आले की तो निरोपाचा इशारा असे. अरबस्तानात गुलाबपाण्याची झारी आहे तिला ‘मरश’ म्हणतात. ती आपल्या गुलाबदाणीशेजारी ठेवली तर कोणती कुणाची ते ओळखू येणार नाही.

मागच्या दिवाळीत सासूबाई आमच्याकडे येऊ शकल्या नाहीत. प्रवास आता त्यांना झेपत नाही. मुलीने पाडव्याला त्यांना व्हिडिओ कॉल केला आणि बाटली कॅमेऱ्यासमोर धरली. बाटलीवरच्या छापील नावावर तिने कागदाची एक पट्टी चिकटवली होती. पट्टीवर तिच्या वाकड्या-तिकड्या देवनागरीत लिहिले होते, ‘रोशा’. त्याखाली छोट्या अक्षरांत, ‘गोडेतेलात चार थेंब’. सासूबाईंना चष्मा नसल्यामुळे वाचता येईना, म्हणून तिने मोठ्याने वाचून दाखवले. ‘शा’ चा उच्चार अगदी बरोबर होता.

तुमच्याही घरात अशी एखादी बाटली, डबी, पुडी असेल, जिच्यावरचे छापील नाव एक आणि आजीच्या तोंडचे नाव दुसरे. या दिवाळीत फोन करून ते विचारून घ्या. नुसते नाव विचारू नका, कसे वापरायचे तेही विचारा आणि मराठीत लिहून चिकटवा.

दिवाळीच्या शुभेच्छा, मंडळी. अत्तर-गुलाब झाले, आता उठायला हरकत नाही.